रंगावरचे फोड आणि वाचवलेला वेळ : मोटारीच्या रंगदोषांचा इतिहास

१/
दुरुस्त होऊन आलेली मोटार वर्षभर आरशासारखी चमकते आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिच्या दारावर मोहरीएवढे फोड उठू लागतात. मालक रंगाऱ्याला दोष देतो, रंगारी डब्यातल्या रंगाला आणि रंगाचा विक्रेता हवेला. या भांडणाचा निकाल बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने लागतो. वास्तविक उत्तर त्या फोडातच असते. ते वाचण्याची विद्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कशी घडली आणि ती घडताना किंमत कोणी मोजली, याविषयीचा हा धागा.

२/
विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार ही घोडागाडीची धाकटी बहीण होती आणि तिचा रंगही घोडागाडीचाच होता. जवसाच्या तेलात खललेली रंगद्रव्ये आणि राळ शिजवून केलेले वार्निश ब्रशाने लावायचे, वाळू द्यायचे, प्युमिस दगडाच्या भुकटीने घासायचे आणि पुन्हा लावायचे. असे दहा-बारा थर सहज चढत. तेल हवेतला प्राणवायू शोषून सावकाश कडक होते. त्याला घाई मानवत नाही. त्यामुळे एक गाडी रंगून बाहेर पडायला तीन-चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागे.

३/
त्या काळातले दोषही त्या रंगासारखेच संथ होते. ओल्या वार्निशावर बसलेली धूळ, ब्रशाच्या केसांच्या रेघा आणि सर्वांत वाईट म्हणजे मगरीच्या पाठीसारखे चौकोनी तडे. खालचा थर पुरता वाळण्याआधी त्यावर कडक थर चढवला, की खालचा मऊ थर हलत राहतो आणि वरचा कडक थर फाटतो. तडा वर दिसतो, चूक खाली असते. रंगदोषाच्या निदानातला हा पहिला धडा घोडागाडीच्या कारागिरांनी अनुभवाने शिकून ठेवला होता. पुढच्या प्रत्येक पिढीला तो नव्या रसायनासह पुन्हा शिकावा लागला.

४/
१९१३ साली फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात फिरती जुळणी-रांग सुरू झाली. चॅसीच्या जुळणीला पूर्वी साडेबारा तास लागत. ते काम सुमारे दीड तासावर आले. गाडी दीड तासात जुळते आणि रंग वाळायला आठवडे लागतात, हा हिशेब बसणारा नव्हता. १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळे, त्यामागे हीच निकड होती. पत्र्याच्या सुट्या भागांसाठी गिल्सोनाइट या डांबरवर्गीय खनिजाची काळी वार्निशे वापरत. ती स्वस्त होती, टिकाऊ होती आणि भट्टीत लवकर कडक होत. मात्र डांबराचा मूळ रंगच काळा. त्यातून निळी किंवा लाल गाडी निघणे शक्य नव्हते.

५/
कोंडी फुटली ती बंदुकीच्या दारूमुळे. ड्यूपाँ ही मूळची दारूगोळा बनवणारी कंपनी. पहिले महायुद्ध संपल्यावर तिच्यापाशी नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे स्फोटक कापसाच्या भाईबंदाची, प्रचंड उत्पादनक्षमता पडून होती. १९२० च्या जुलैत न्यू जर्सीतील पार्लिन येथील तिच्या प्रयोगशाळेत नायट्रोसेल्युलोजचा दाट लगदा अनपेक्षितपणे पातळ पाकासारखा झालेला आढळला. पातळ असल्याने त्यात भरपूर रंगद्रव्य मिसळता येई आणि तो फवारताही येई. जनरल मोटर्सचे चार्ल्स केटरिंग अशाच रंगाच्या शोधात होते. १९२४ च्या मॉडेलची निळी ओकलंड मोटार या नव्या रंगात बाजारात आली. रंगाचे नाव होते ड्युको.

६/
ड्युको वाळतो तो केवळ त्यातले द्रावक उडून गेल्याने. प्राणवायूची वाट पाहावी लागत नाही. आठवड्यांचे काम दिवसांवर आले. पण इतक्या झपाट्याने वाळणारा रंग ब्रशाने लावता येत नाही. ब्रश परत फिरेपर्यंत तो घट्ट झालेला असतो. त्यामुळे रंगाऱ्याच्या हातातला ब्रश गेला आणि फवारणीची बंदूक आली. तिचे मूळ एका दवाखान्यात आहे. अमेरिकेतील टोलेडो शहरातले डॉक्टर ॲलन डीव्हिलबिस यांनी रुग्णांच्या घशात औषध फवारण्यासाठी एक साधन बनवले होते. त्याच तत्त्वावर त्यांचा मुलगा थॉमस याने रंगाची बंदूक विकसित केली.

७/
बंदुकीबरोबर दोन नवे दोष जन्मले आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. रंग फार दाट, हवेचा दाब कमी किंवा बंदूक फार लांब, तर थेंब पृष्ठभागावर पोचेपर्यंत अर्धे वाळतात, एकमेकांत मिसळत नाहीत आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पोत उरतो. रंग फार पातळ, बंदूक फार जवळ किंवा हात फार सावकाश, तर ओघळ येतात. साल टाळण्यासाठी थिनर वाढवणारा नवशिका हमखास ओघळात सापडतो. आगीतून फुफाट्यात, हे या कामात रोजच घडते. जाणकार म्हणून रंगाआधी अंतर, दाब आणि थिनर पाहतो.

८/
तिसरा दोष दमट हवेचा. द्रावक वेगाने उडते तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो, जसा हातावर स्पिरिट लावल्यावर गारवा जाणवतो. हवा दमट असेल तर त्या गार थरावर दव धरते, पाण्यामुळे नायट्रोसेल्युलोज साकळते आणि चकचकीत रंगावर दुधाळ झाक येते. कारागीर तिला ब्लश म्हणतात. कोरड्या हवेत ही अडचण क्वचित येते. मुंबईच्या पावसाळ्यात, आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना, ती रोजची असते. उपाय सोपा आहे : सावकाश उडणारा थिनर, म्हणजे रिटार्डर, मिसळायचा. वाचवलेल्या वेळातला थोडा वेळ हवेला परत द्यायचा.

९/
मुंबईचा उल्लेख येथे ओढूनताणून आलेला नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली होती. ती कंपनी गेली, नायट्रोसेल्युलोजचा जमानाही मागे पडला. शब्द मात्र राहिला. आजही महाराष्ट्रातला सुतार लाकडी कपाटाला कॉम्प्रेसरने मारलेल्या गुळगुळीत रंगाला ‘ड्युको’ म्हणतो. डब्यात प्रत्यक्षात पॉलियुरेथेन असले तरी नाव तेच. एका अमेरिकी कंपनीचे व्यापारी नाव मराठी कारखान्यात कामाच्या पद्धतीचे नाव होऊन बसले आहे.

१०/
दरम्यान दुसरा पंथ निघाला. १९२० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले रसायनज्ञ रॉय किएनल यांनी अल्कोहोल आणि आम्ल यांच्या संयोगातून मिळणाऱ्या रेझिनांवर काम केले. त्यांना अल्किड हे नाव पडले. अल्किड एनॅमल मुळातच चमकदार, ड्युकोसारखी तासन्‌तास रबिंगची गरज नाही. जनरल मोटर्स लॅकरला चिकटून राहिली; फोर्ड आणि क्रायस्लर एनॅमलकडे वळल्या. कारखान्यांचे ठीक होते, प्रत्येकाला एकच पद्धत सांभाळायची होती. दुरुस्तीच्या गॅरेजात मात्र दोन्ही पंथांच्या गाड्या येत आणि दोन्ही रंग दिसायला सारखेच असत.

११/
येथे गॅरेजातल्या रंगाऱ्याची खरी परीक्षा सुरू झाली. अर्धवट पिकलेल्या एनॅमलवर लॅकर फवारले, तर लॅकरचा तीव्र थिनर खालच्या थरात शिरतो, तो फुगतो आणि सगळा रंग भिजलेल्या पापडासारखा सुरकुतून वर उचलला जातो. यातून एक साधी चाचणी रूढ झाली, ती आजही वापरात आहे. कोपऱ्यात चिंधीने लॅकर थिनर चोळायचा. रंग विरघळून चिंधीला लागला तर लॅकर. फुगला, सुरकुतला तर एनॅमल. काहीच झाले नाही तर पूर्ण पिकलेला किंवा दोन घटकांचा रंग. वर काय लावायचे हे खाली काय आहे त्यावर ठरते.

१२/
दुसऱ्या महायुद्धानंतर सिलिकोन घराघरांत पोचले आणि मोटारीच्या पॉलिशमध्येही आले. पॉलिश झकास चमके, पाणी थेंब थेंब होऊन ओघळे. पण तीच गाडी पुन्हा रंगवायला आली, की ताज्या रंगात गोल गोल खळगे पडत, तळाशी जुना रंग डोकावे. हा फिश-आय, माशाचा डोळा. कारण समजायला स्वयंपाकघर पुरे आहे : परातीतल्या पाण्यावर हळद भुरभुरावी आणि मध्ये साबणाचा थेंब सोडावा, हळद कडेला पळते. सिलिकोनचा पृष्ठताण रंगापेक्षा बराच कमी असल्याने रंग त्याच्यापासून असाच पळतो. बोटाला लागलेला अंशही पुरतो. घासण्याच्या आधीच ग्रीस-रिमूव्हरने पुसावे, हा नियम त्यातूनच आला. कारण पेपर सिलिकोन काढत नाही, ओरखड्यांत भरतो.

१३/
तोवर जाणकारांच्या लक्षात एक गोष्ट आली होती. दोषाचे नाव विचारण्याआधी तो कधी दिसला हे विचारावे. रंग ओला असतानाच दिसले तर ओघळ, साल, फिश-आय, ब्लश : दोष बंदुकीत, हवेत किंवा पुसण्यात. वाळताना दिसले तर सुरकुत्या आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रे : दोष थरांच्या घाईत. महिन्यांनी किंवा वर्षांनी दिसले तर फोड, पापुद्रे, तडे, खडूसारखी पावडर : दोष खालच्या तयारीत किंवा उन्हापावसात. वैद्य ताप कधीपासून आहे असे प्रथम विचारतो, त्याच जातीचा हा प्रश्न आहे.

१४/
कारखाना आणि गॅरेज यांत एक भेद कायमचा आहे. कारखान्यात रंग चढतो तो रिकाम्या पत्र्याच्या सांगाड्यावर; तो १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजता येतो. गॅरेजातल्या गाडीत टायर, आसने, वायरी आणि इंधनाची टाकी असते. तिला ६० अंशांच्या फार वर नेता येत नाही. म्हणून उष्णतेचे काम रसायनाकडून करून घेणे भाग पडले. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांच्या चमूने पॉलियुरेथेनचा शोध लावला होता. १९७० च्या दशकापासून त्यावर आधारलेले, हार्डनर मिसळून वापरायचे दोन घटकांचे रंग मोटार-दुरुस्तीत स्थिरावू लागले. कठीण, चमकदार आणि पेट्रोलने न विरघळणारे.

१५/
या रंगाचा खास दोष म्हणजे सॉल्व्हंट पॉप. एक हात मारल्यावर द्रावक उडायला पाच-पंधरा मिनिटे द्यावी लागतात. ती न देता दुसरा जाड हात मारला, वर दिवे किंवा भट्टी लावली, की पृष्ठभागावर साय धरते, आत अडकलेले द्रावक ती फोडून बाहेर पडते आणि बारीक छिद्रे उरतात. भिंगातून पाहिले तर फरक स्पष्ट असतो. फिश-आय म्हणजे गुळगुळीत काठाची रुंद वाटी. पॉप म्हणजे टेंगळाच्या माथ्यावरचे छिद्र. धूळ म्हणजे छिद्र नसलेला उंचवटा. पॉप आडव्या भागांवर आणि जाड थराच्या कडांवर अधिक दिसतो. धूळ पॉलिशने निघते. पॉप निघत नाही, थर घासूनच काढावा लागतो.

१६/
पण सर्वांत गंभीर दोष पत्र्यावर दिसत नाही. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. हे नाव मराठी वाचकाला १९८४ च्या भोपाळवरून ठाऊक आहे. तेथील मिथाइल आयसोसायनेट अत्यंत वेगाने वायुरूप होणारे, निराळे रसायन होते. रंगातले आयसोसायनेट त्या मानाने जड असून धोका त्याच्या फवाऱ्यातल्या सूक्ष्म तुषारांत असतो. ते श्वासात गेले की काहींना दम्याचा विकार जडतो आणि एकदा जडला की पुढे अल्प संपर्कही झटका आणू शकतो. मोटार रंगवणाऱ्यांना दम्याचा धोका इतर कामगारांच्या सुमारे ८० पट असल्याचे ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने म्हटले आहे. त्याचा वास वेळीच सावध करत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी आहे; बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटाच हवा.

१७/
आता ते मोहरीएवढे फोड. रंगाचा थर काचेसारखा दिसला तरी पाण्याची वाफ त्यातून हळूहळू आरपार जाते. पत्रा घासताना वापरलेल्या नळाच्या पाण्यातले क्षार किंवा बोटांच्या घामाचे मीठ थराखाली राहिले, तर ते बाहेरचे पाणी आत ओढून घेते. पाण्यात घातलेला बेदाणा फुगतो त्याच नियमाने. फोड सुईने टोचावा. स्वच्छ पाणी आले तर क्षार. तांबूस आले आणि तळाशी पत्रा दिसला तर गंज. कोरडा निघाला तर कोंडलेली हवा किंवा द्रावक. फोडांची रांग हाताच्या पुसण्यासारखी किंवा ओघळलेल्या थेंबासारखी असेल, तर आकृतीनेच कबुली दिलेली असते. कोकणच्या खाऱ्या हवेत ही कबुली लवकर मिळते.

१८/
गंजावरचा मोठा उपाय कारखान्यातून आला. १९६० च्या दशकाच्या आरंभी फोर्डमध्ये जॉर्ज ब्रुअर यांच्या पुढाकाराने मोटारीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने प्रायमर चढवण्याची रीत आली. ब्रश किंवा बंदूक पोचत नाही अशा कोनाकोपऱ्यांतही हा ई-कोट पोचतो. त्यात एक उणीव होती. एपॉक्सीवर आधारलेला ई-कोट गंजाला दाद देत नाही, पण सूर्याच्या अतिनील किरणांपुढे टिकत नाही. म्हणून त्याच्यावर प्रायमर-सर्फेसर नावाचा मधला थर आणि त्यावर शेवटचा रंग, असा क्रम असे.

१९/
१९८० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे काही वर्षे अमेरिकेतील अनेक गाड्यांचा रंग टपावरून आणि बॉनेटवरून पापुद्र्यांनी सुटू लागला. मालकांनी दाव्यांत म्हटले, की कंपन्यांनी मधला थर गाळून रंग थेट ई-कोटवर चढवला. ऊन रंगातून खाली पोचले, ई-कोटची वरची पातळी खडूसारखी भुकटी झाली आणि वरच्या रंगाचा आधारच सुटला. येथे निदानाला जागेची साथ मिळते. रंगाऱ्याच्या चुकीने सुटलेला रंग त्याने रंगवलेल्या भागापुरता सुटतो. ऊन दोषी असेल तर आकाशाकडे तोंड असलेले भाग सुटतात आणि दाराचा खालचा भाग शाबूत राहतो.

२०/
फोर्डविरुद्धचे असे दावे न्यू ऑर्लीन्सच्या संघीय न्यायालयात एकत्र आले. १९९८ साली न्यायालयाने ते सर्व मालकांच्या वतीने एकच सामूहिक दावा म्हणून चालवण्यास नकार दिला. राज्याराज्यांचे कायदे वेगळे होते आणि प्रत्येक गाडीचा रंग कशाने गेला हे वेगळे सिद्ध करावे लागणार होते. भिंग आणि सुई घेऊन गॅरेजात होणारे निदान आता कायद्याचा प्रश्न झाले. एका गाडीच्या रंगासाठी एकट्याने तज्ज्ञ आणि वकील उभे करणे सामान्य मालकाला परवडणारे नव्हते.

२१/
त्याच सुमारास फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे आणखी एक दोष गाजला. बंदराच्या आवारात उघड्यावर उभ्या असलेल्या नव्याकोऱ्या मोटारींवर पाण्याच्या थेंबांचे कायमचे डाग उमटत. आम्लयुक्त पाऊस आणि दव उन्हात आटत आटत तीव्र होई आणि वरच्या पारदर्शक क्लिअरकोटमधले मेलामाइनचे बंध तोडी. रंगारी येथे कोठेच नव्हता. गाडी अजून विकलीही गेली नव्हती. पुढे उद्योगाने याच गावाला कसोटीचे मैदान केले आणि आम्लाला टिकणारे क्लिअरकोट तेथे पारखले जाऊ लागले.

२२/
हवा जपण्यासाठी युरोपीय संघाने २००७ पासून दुरुस्तीच्या रंगांतील द्रावकांवर मर्यादा आणली. वरच्या रंगासाठी ती लिटरला ४२० ग्रॅम आहे. त्यामुळे पाण्यात मिसळणारे बेसकोट रूढ झाले. रंगाऱ्याच्या फुप्फुसांवरचा द्रावकांचा भार हलका झाला, मात्र दमट हवेशी जुने वैर पुन्हा जागे झाले. बेसकोटमधले पाणी पुरते उडण्याआधी क्लिअर मारला, तर ते खाली कोंडते आणि मंद चमक, फोड किंवा पापुद्रे होऊन परत येते. क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट अजून आहेच.

२३/
आजचा जाणता रंगारी काम हाती घेण्याआधी थराची जाडी मोजतो. कारखान्याचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे दोन केसांच्या आसपास, भरतो. काटा ३०० वर गेला तर गाडी आधी रंगलेली आहे. त्याहून खूप वर गेला तर खाली लांबी आहे. मग दोषाच्या कडेला पेपरने उतार घासायचा. झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळे उघडी पडतात : क्लिअर, रंग, प्रायमर, जुना रंग, पत्रा. सुटलेल्या पापुद्र्याची मागची बाजू पाहिली, की नेमकी कोणत्या दोन थरांत फारकत झाली ते कळते.

२४/
हा इतिहास एका सूत्रात बांधता येतो. जवसाच्या तेलापासून पाण्याच्या बेसकोटपर्यंत बहुतेक प्रत्येक शोधाने वेळ, पैसा किंवा मेहनत वाचवली आणि त्या बचतीचा काही भाग दोषाच्या रूपाने परत आला. तो जेथे निर्माण झाला तेथे क्वचितच दिसला. दिसला तो साखळीच्या शेवटी, ज्याने बंदूक धरली त्याच्या दारात. डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात वाद होतो तेव्हा मागे इतकी मंडळी उभी असतात. म्हणून पैसे कापण्याआधी बोटभर जागा घासून थर एकत्र पाहावेत. त्याला दहा मिनिटे लागतात आणि चूक रंगाऱ्याची असली तर तीही तेथेच दिसते.